ताबा सुटला म्हणजे नक्की काय झालं?

गेल्या मे महिन्यात मी एक चार ओळींची बातमी दिली होती. कोणाच्या लक्षातही नसेल. किनाऱ्यावर एटीव्ही उलटून एक पर्यटक तरुणी जखमी, खांद्याचं हाड मोडलं, पुढील उपचारासाठी हलवलं. आणि मधोमध ते नेहमीचं वाक्य : 'वाहनावरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला.'

हे वाक्य मी वीस वर्षं लिहितोय. एसटी असो, डंपर असो, पोराची मोटारसायकल असो, ताबा सुटतो आणि बातमी संपते. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की बातमीत सहा प्रश्नांची उत्तरं हवीत. कोण, काय, कुठे, कधी, कसं आणि का. 'का' आला की आम्ही 'ताबा सुटला' लिहून मोकळे होतो.

दुसऱ्या दिवशी ती राईड चालवणारा पोरगा भेटला. चांगला पोरगा आहे, कर्ज काढून दोन गाड्या घेतल्यात. म्हणाला, "दादा, गाडी एकदम ओके होती. मी सांगितलं होतं, हळू चालवा. तिनेच रेस केली." त्याचं खोटं नव्हतं. त्या मुलीला विचारलं असतं तर म्हणाली असती, "गाडी आपोआप पळाली." तिचंही खोटं नसतं. दोघंही खरं बोलतायत, मग हाड मोडलं कशामुळे? हा प्रश्न डोक्यात राहिला आणि पावसाळ्यात वेळ मिळाला तेव्हा या गाडीचा इतिहास वाचत बसलो. लक्षात आलं, की आपण किनाऱ्यावर जो वाद घालतोय, तोच वाद चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला होता. आता पुन्हा सीझन तोंडावर आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरची पोरं राईडवर बसतात आणि ज्यांच्या घरची पोरं राईड चालवतात, त्या दोघांनीही वाचावी.

*

गोष्ट सुरू होते बर्फापासून. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या होंडाच्या डीलरांची एक अडचण होती. उन्हाळ्यात मोटारसायकली धडाधड खपायच्या, पण थंडी पडली की दुकानात शुकशुकाट. त्यांनी कंपनीला सांगितलं, हिवाळ्यात विकता येईल असं काहीतरी द्या. जपानमध्ये हे काम ओसामू ताकेउची या इंजिनिअरकडे आलं. त्याने दोन, तीन, चार, पाच, सहा अशी वेगवेगळ्या चाकांची जुळणी करून पाहिली. बर्फात, चिखलात, वाळूत तिन्हीकडे जमेल आणि वळायला सोपी पडेल अशी तीन चाकांची रचना त्याला पसंत पडली. पुढे एक चाक, मागे दोन.

खरी करामत टायरमध्ये होती. बावीस इंची, फुग्यासारखे गुबगुबीत टायर. कारमध्ये आपण तीस-बत्तीस हवा भरतो. या टायरमध्ये जेमतेम दोन-चार. त्यामुळे टायर जमिनीवर पसरतो, वजन विभागलं जातं आणि गाडी वाळूत रुतत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्हतेच. टायर हाच शॉक अ‍ॅब्सॉर्बर. इंजिन ८९ सीसीचं, म्हणजे आपल्या साध्या शंभर सीसीच्या मोटारसायकलपेक्षाही लहान. १९७० मध्ये गाडी बाजारात आली, किंमत ५९५ डॉलर. सुरुवातीला नाव होतं 'यूएस ९०', लवकरच ते 'एटीसी ९०' झालं. एटीसी म्हणजे ऑल टेरेन सायकल, कुठल्याही जमिनीवर चालणारी.

१९७१ मध्ये जेम्स बाँडचा 'डायमंड्स आर फॉरेव्हर' आला. त्यात शॉन कॉनरी वाळवंटात याच तीनचाकीवरून पळतो. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली?

पहिली दहा वर्षं ही गाडी खेळणंच राहिली. १९८० च्या आसपास चित्र बदललं. १९८२ मध्ये होंडाने 'बिग रेड' नावाचं मॉडेल आणलं. पुढेमागे सामान ठेवायला कॅरिअर, इंजिन मोठं, गिऱ्हाईक शेतकरी. चारा टाकायला, कुंपण बघायला, गुरांमागे फिरायला ही गाडी ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त आणि घोड्यापेक्षा कमी लाडाची. दुसऱ्या बाजूला शर्यतीच्या मॉडेलचा वेग वाढत गेला. यामाहा, कावासाकी, सुझुकी या जपानी कंपन्या उतरल्या, १९८५ मध्ये अमेरिकेची स्वतःची पोलारिस उतरली. घराघरात बापाची एक मोठी आणि पोराची एक छोटी अशा गाड्या आल्या. लायसन लागत नाही, नंबर लागत नाही, रस्त्यावर न्यायची नाही, मग भीती कसली?

*

आता जरा त्या गाडीच्या खाली वाकून बघू. सगळा वाद तिथेच आहे.

वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. बैलगाडीची दोन चाकं आसावर आपापली फिरतात, म्हणून ती निमूट वळते. कारच्या मागच्या एक्सलमध्ये त्यासाठी डिफरन्शिअल असतं. या तीनचाकीत डिफरन्शिअल नव्हतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर, दोघांचा वेग कायम सारखाच. म्हणजे हँडल वळवलं तरी गाडीला सरळच जायचं असतं. वळायचं तर आतल्या चाकावरचा भार हलका करून ते किंचित घसरू द्यावं लागतं. त्यासाठी चालवणाऱ्याने अंग वळणाच्या आत झुकवायचं, पण वजन बाहेरच्या पायावर द्यायचं. वाचताना सोपं वाटतं, प्रत्यक्षात हे आपल्या सवयीच्या उलटं आहे. ही गाडी हाताने कमी आणि अंगाने जास्त चालवायची असते.

नवखा माणूस सीटवर घट्ट बसून नुसतं हँडल ओढतो. गाडी आधी वळत नाही. मग तो जोर लावतो. वाळूतून टणक जमिनीवर आली की टायर एकदम पकड घेतात आणि गाडी बाहेरच्या बाजूला कलंडते. पुढे एकच चाक असल्यामुळे तोल सावरायला तिथे काही नाही. चढावर गॅस दिला की पुढचं चाक उचलून गाडी मागे उलटायची, ती वेगळीच.

दुसरी गोष्ट गॅसची. मोटारसायकलला मूठ पिळावी लागते. इथे उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते, ती दाबली की गाडी पळते. आता विचार करा, माणूस घाबरला की काय करतो? मूठ आवळतो. मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो. म्हणजे ज्या क्षणी थांबायचं, त्याच क्षणी गाडी उधळते. "गाडी आपोआप पळाली" म्हणणारी ती मुलगी खोटं बोलली नसती, ते यासाठी म्हटलं.

तिसरी गोष्ट पायाची. आपण सगळे स्कूटर-मोटारसायकलवाले. तोल गेला की आपला पाय आपोआप खाली टेकतो. या गाडीत पाय खाली टेकला की मागचं रुंद चाक त्यावरून जातं आणि माणसाला खाली ओढतं. अमेरिकेतही मोटारसायकलवरून इकडे आलेल्या लोकांचे पाय असेच मोडले. अंगात भिनलेलं कसबच इथे नडतं.

आणि चौथं म्हणजे वजन. हल्लीच्या मोठ्या गाड्या अडीचशे-तीनशे किलोच्या असतात. चाळीस किलोचं पोर अंग झुकवून तिचा तोल काय सांभाळणार? बाहेरच्या पायावर कितीही वजन दिलं तरी गाडीला ते कळतसुद्धा नाही.

*

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे १९८२ मध्ये या गाड्यांवरच्या २९ मृत्यूंची नोंद होती. १९८६ मध्ये तो आकडा तीनशेच्या घरात गेला. त्याच सुमारास वर्षाला एक लाखाहून जास्त माणसं एटीव्हीवरून पडून दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जात होती. त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण मोठं होतं.

मग वाद पेटला. कंपन्यांची बाजू साधारण अशी होती : गाडीत दोष नाही. लोक हेल्मेट घालत नाहीत, दारू पितात, मागे दुसऱ्याला बसवतात, लहान पोरांच्या हातात मोठी गाडी देतात. चूक चालवणाऱ्याची. आणि खरं सांगायचं तर यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अपघातांच्या तपासात हे सगळं सापडतच होतं.

समोरच्यांचं म्हणणं असं : मान्य, चुका होतात. पण एकाच गाडीवर हजारो अनोळखी माणसं एकच चूक करत असतील, तर ती फक्त त्यांची चूक कशी? गाडी दिसते खेळण्यासारखी, चालवायला लागतं कसब, आणि ते कसब लागतं हे विकताना कोणी सांगत नाही. जाहिरातीत मात्र आईबाप, पोरं, सगळे हसत हसत वाळूवरून उड्या मारतायत.

आयोगाने १९८५ मध्ये नियम करण्याच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं. गावोगावी सुनावण्या झाल्या. पोरं गमावलेले आईबाप उभे राहिले, डॉक्टर उभे राहिले, तसेच या गाडीवर पोट असलेले डीलर आणि शेतकरीही उभे राहिले. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही मुलांच्या बाबतीत स्पष्ट विरोधाची भूमिका घेतली. आयोगाच्या अभ्यासगटाचा अहवाल १९८६ च्या सप्टेंबरमध्ये आला. डिसेंबर १९८७ च्या अखेरीस अमेरिकी सरकारच न्यायालयात गेलं. पाचही मोठ्या कंपन्यांविरुद्ध. आरोप हा, की ही गाडी ग्राहकाच्या जिवाला तातडीचा धोका आहे.

खटला मात्र चालला नाही, तडजोड झाली. एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली, मुदत दहा वर्षं. त्यातल्या मुख्य अटी अशा होत्या :

एक, नव्या तीनचाकींची विक्री बंद. डीलरकडे पडून असलेला मालही परत घ्यायचा.

दोन, ९० सीसीवरची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलासाठी विकायची नाही. ७० ते ९० सीसीची गाडी बाराच्या आतल्यांना नाही.

तीन, नवी गाडी घेणाऱ्याला फुकट प्रशिक्षण. प्रत्यक्ष मैदानावर, शिकवणाऱ्यासमोर.

चार, गाडीवर ठळक इशारे, आणि ज्यांनी आधीच गाडी घेतलीय त्यांनाही धोक्याची सूचना कळवायची.

काय राहिलं, तेही सांगतो. ज्या लाखो लोकांच्या अंगणात तीनचाकी आधीच उभी होती, त्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. आयोगाने सुरुवातीला ती मागणी केली होती, तडजोडीत ती गळाली. ग्राहक संघटना त्यावर चिडल्या. म्हणजे नवी गाडी धोक्याची म्हणून बंद, पण जुनी तशीच फिरत राहिली.

*

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. 'सरकारने कायदा केला आणि सगळे सुखी झाले' असं लिहायला सोपं असतं. पण तसं झालं नाही.

सुरुवातीला आकडे खाली आले. १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत जखमींची संख्या वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास उतरली. तीनचाकी गेली, विक्रीही थंडावली. तिच्या जागी आली चारचाकी, म्हणजे आज आपल्या किनाऱ्यावर दिसते ती. पहिली चारचाकी सुझुकीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आणली होती. पुढे दोन चाकं आल्याने ती जास्त स्थिर झाली, यात वाद नाही. पण 'जास्त स्थिर' म्हणजे 'उलटत नाही' असा अर्थ लोकांनी लावला. गाड्या जड झाल्या, इंजिनं मोठी झाली, वेग वाढला. १९९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली. मोठ्या कंपन्यांनी बऱ्याचशा अटी स्वतःहून पाळायचं कबूल केलं, पण आता बाहेरून स्वस्त गाड्या येऊ लागल्या होत्या, आणि त्या आणणाऱ्यांनी असं काही कबूल केलेलं नव्हतं. २००७ पर्यंत जखमींचा आकडा दीड लाखावर गेला. मृत्यू वर्षाला सातशेच्या वर.

मग २००८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला. तीनचाकी एटीव्हीची नवी विक्री आणि आयात बंद, आणि उरलेल्या सगळ्या गाड्यांना, मग त्या कुठल्याही देशात बनलेल्या असोत, ठरलेलं सुरक्षा मानक सक्तीचं. मुलांच्या गाड्यांची वर्गवारीही सीसीऐवजी वय आणि वेगावर आली. सर्वात लहान, सहा वर्षांवरच्या मुलांच्या गाडीचा कमाल वेग ताशी २४ किलोमीटर, आणि तोही आणखी कमी करता येईल अशी सोय गाडीतच.

तरी माणूस तो माणूसच. २०१० मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने एक अहवाल दिला. त्यांची माणसं गिऱ्हाईक बनून चार राज्यांतल्या दहा डीलरांकडे गेली आणि म्हणाली, पोरासाठी मोठी गाडी हवी. दहापैकी सात जण द्यायला तयार झाले. सगळे नियम असून, पाट्या असून, खटला होऊन बावीस वर्षं झाली असून.

मला या सगळ्या इतिहासात हा सात जणांचा आकडा सर्वात महत्त्वाचा वाटतो. कागदावरचा नियम आणि काउंटरवरचा माणूस यांच्यात जे अंतर असतं, त्यातच माणसं पडतात.

*

आणखी एक वळसा घेऊ, कारण तिकडचा अनुभव थोडा वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात या गाड्या मुख्यतः शेतावर. प्रचंड मोठी शेतं, एकटा माणूस, उतार, नाले. तिथे बरेच मृत्यू एकाच पद्धतीने होत होते : गाडी उलटते, माणूस खाली दबतो आणि श्वास कोंडून जातो. मदतीला आसपास कोणी नाही. २०११ नंतरच्या आठेक वर्षांत शंभरावर माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती.

तिथे प्रश्न असा आला, की गाडी उलटणार हे धरूनच चाललं तर? म्हणजे मागच्या बाजूला एक मजबूत कमान बसवायची, जेणेकरून गाडी उलटली तरी खाली माणसाला जागा राहील. ट्रॅक्टरला असते तसलीच कल्पना. काही कंपन्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, कमानीमुळेच नवी इजा होईल, उपाय म्हणजे प्रशिक्षण आणि हेल्मेट. पुन्हा तोच वाद, चूक माणसाची की गाडीची. सरकारने २०१९ मध्ये मानक आणलं. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक नव्या गाडीवर ती किती कलली की उलटते हे लिहिणं सक्तीचं झालं. ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या गाड्यांना उलटल्यावर माणसाला वाचवणारी रचना आणि किमान स्थिरता सक्तीची. होंडा आणि यामाहासारख्या कंपन्यांनी तिथे या गाड्या विकणंच थांबवलं. सरकार मागे हटलं नाही.

*

आता आपल्याकडे येऊ.

ज्या १९८८ मध्ये अमेरिकेत तीनचाकी बाजारातून उठली, त्याच वर्षी आपल्याकडे मोटार वाहन कायदा झाला. त्या कायद्याचा सगळा डोलारा 'रस्त्यावर वापरण्यासाठी योग्य' अशा वाहनाभोवती उभा आहे. तेव्हा आपल्या पुळणीवर अशी गाडी कोणी पाहिलीही नव्हती. आज किनाऱ्यावर फिरणाऱ्या बहुतेक एटीव्ही रस्त्यासाठी नाहीतच. त्यामुळे नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणून आपल्या दुचाकीला असतो तसा सक्तीचा विमाही नाही. उद्या कोणाला काही झालं तर भरपाई कोणाकडे मागायची? त्या पोराकडे, ज्याच्या गाडीचा हप्ताच अजून फिटलेला नाही?

नियम अजिबात नाहीत असंही नाही. देशपातळीवर २०१८ मध्ये साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात एटीव्ही राईडचा वेगळा विचार केलेला आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. त्या बातमीनंतर मी आपल्याकडे तीन कार्यालयांत विचारलं, किनाऱ्यावरच्या एटीव्ही कोण तपासतं? प्रत्येकाने अदबीने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. चहा मात्र तिन्हीकडे मिळाला.

आणि गंमत बघा. आपल्याच भागातली इंजिनिअरिंगची पोरं 'बाहा' नावाच्या स्पर्धेसाठी स्वतः एटीव्ही बनवतात. २००७ पासून ही स्पर्धा आपल्या देशात होते, सुरुवात इंदूरजवळच्या पिथमपूरला झाली. तिथे गाडी ट्रॅकवर सोडण्याआधी काय काय बघतात? चालकाभोवती पोलादी पिंजरा हवा, पट्टे हवेत, हेल्मेट हवं, इंजिन बंद करायचं बटण आतून एक आणि बाहेरून एक हवं, ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम व्हायला हवीत, आणि चालकाला पाच सेकंदांत गाडीतून बाहेर पडता यायला हवं. यातलं एक जरी चुकलं तरी वर्षभराची मेहनत घेऊन घरी जा. वीस वर्षांच्या पोरांनी वर्कशॉपमध्ये बनवलेल्या गाडीला एवढी तपासणी, आणि किनाऱ्यावर सात वर्षांच्या पोराला पुढ्यात घेऊन जाणाऱ्या गाडीला काहीच नाही.

*

मी बंदी मागत नाहीये. स्पष्ट सांगतो, कारण खाली कॉमेंटमध्ये तेच येणार आहे. होमस्टे, घोडागाडी, शहाळ्याची हातगाडी आणि या राईड, यावर आपल्या गावांची चूल पेटते. राईडवाली पोरं आपलीच आहेत. अमेरिकेनेही चारचाकी बंद केली नाही. पण तिथे जे शिकायला कित्येक वर्षं आणि हजारो माणसं लागली, ते आपल्याला फुकट मिळतंय. ते घ्यायला काय हरकत आहे?

राईड चालवणाऱ्या पोरांनो, हे तुमच्यासाठी :

पैसे घेण्याआधी दोन मिनिटं द्या. गाडी बंद असताना गिऱ्हाईकाला अंगठ्याची पट्टी, ब्रेक आणि बंद करायचं बटण स्वतःच्या हाताने दाबायला लावा. एकच वाक्य तीनदा सांगा : घाबरलात तर अंगठा सोडा, पाय खाली टेकू नका.

बऱ्याच गाड्यांना पट्टीजवळ एक स्क्रू असतो, त्याने वेग बांधता येतो. नवख्यासाठी तो बांधा. काही गाड्यांना मनगटाला अडकवायची दोरी असते, माणूस पडला की दोरी निसटून इंजिन बंद होतं. ती दोरी आडवी येते म्हणून काढून ठेवू नका.

एका माणसाच्या गाडीवर एकच माणूस. मागे बसलेल्यामुळे चालवणाऱ्याला अंग हलवता येत नाही, आणि अंग हलवणं हेच तर या गाडीचं स्टिअरिंग.

हेल्मेट एकाच मापाची आणून चालत नाही. पोराच्या डोक्यावर डुगडुगणारं हेल्मेट फोटोपुरतं असतं.

ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस आधी आवरायला सांगा. लाजायचं कारण नाही.

रूट आखा. चालणारे, पोहणारे, घोडे यांच्यामधून गाडी नको. भरतीने कापून गेलेली वाळूची पायरी रोज बदलते. काल सपाट असलेल्या जागी आज हातभर खड्डा असतो. सकाळी पहिली फेरी तुम्ही स्वतः मारा. आणि सुरूच्या बनातून डांबरी रस्त्यावर गाडी आणायची नाही. हे मऊ टायर डांबरावर जास्त पकड घेतात, वळताना गाडी तिथेच आधी उलटते.

पाहुण्यांनो आणि आपल्या घरच्या आईबापांनो, हे तुमच्यासाठी : मोठी गाडी सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. 'मी मागे बसतो की' हा उपाय नाही, तो दुसरा धोका आहे. बियर घेतली असेल तर किनाऱ्यावर नुसतं बसा, समुद्र तसाही छान दिसतो. आणि राईडवाला दोन मिनिटं समजावत असेल तर त्याला 'चल रे, माहितीये' म्हणू नका. तो तुमचा वेळ खात नाहीये.

ग्रामपंचायतीसाठी : किती गाड्या, कोणाच्या, नोंदणी झालीय का, विमा आहे का, एवढी एक यादी सीझनआधी करा. वेगळी जागा आखून द्या. सगळ्या राईडवाल्यांना एकाच दिवशी बोलावून प्रशिक्षण घ्या. चार जणांनी नियम पाळले आणि पाचवा स्वस्तात विना-हेल्मेट सोडायला लागला, तर ते चौघंही महिन्याभरात तेच करतील. अमेरिकेत बाहेरून आलेल्या स्वस्त गाड्यांनी हेच केलं होतं.

आणि एक माझ्यासाठी.

त्या चार ओळींची बातमी आज पुन्हा लिहायची तर मी काय विचारलं असतं? तिला गाडी द्यायच्या आधी किती मिनिटं समजावलं होतं? हेल्मेट होतं का, मापाचं होतं का? मागे कोणी बसलं होतं का? वेगाचा स्क्रू बांधलेला होता का? वाळूला पायरी पडली होती का? गाडीची नोंदणी कुठे आहे? एवढं विचारलं असतं तर बातमी चारऐवजी दहा ओळींची झाली असती, आणि कदाचित कुणाची तरी पुढची राईड नीट झाली असती. मी विचारलं नाही. 'ताबा सुटला' लिहिलं आणि पान सोडलं.

ती तरुणी बरी आहे असं कळलं. हात पूर्ण वर जात नाही अजून.

या सीझनला तुमच्या बघण्यात असं काही आलं, पडलेली गाडी असो की नीट समजावून सांगणारा राईडवाला असो, मला कळवा. नीट समजावणाऱ्याची बातमी मी आधी देईन.